कृष्णा येते, कूवम जाते

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



या व्याख्यानमालेतील आमच्या आधीच्या वक्त्यांनी तंजावरचे भोसले, सरस्वती महाल ग्रंथालय आणि दक्षिणेतील मराठी दिवाण या विषयांवर इतके भरभरून सांगितले आहे की, आमच्या वाट्याला एकही राजा किंवा दिवाण शिल्लक राहिलेला नाही. तेव्हा आम्ही आपले पाणी हा विषय घेतला. आम्ही अभियंते नव्हे. कलाशाखेचे साधे पदवीधर. पाटबंधारे खात्याशी आमचा संबंध नळाची तोटी सोडण्यापलीकडे कधी आला नाही. परंतु केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड जडते. कोणताही कागद समोर आला की तो कोठून आला आणि येथून पुढे कोठे जाणार, हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नाही. कचेरीत यासाठी आवक-जावक नोंदवही असते. घरातल्या पाण्याची अशी नोंदवही कोणी ठेवीत नाही. आज ती थोडी चाळावी, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम आवक पाहू.

आपले मंडळ स्थापन झाले त्याच सुमारास, म्हणजे १९७६ साली, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी मद्रास शहराची तहान भागविण्यासाठी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी देण्याचे मान्य केले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरांच्या हिशेबाने सुमारे २,८०० कोटी लिटर. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी दिले होते. त्या पाचशे साठातले पाच महाराष्ट्राने या शहरासाठी बाजूला काढले. प्रमाण पाहिले तर ते शेकडा एकही भरत नाही. परंतु नदीच्या पाण्यावरून राज्याराज्यांतून उभ्या राहिलेल्या भांडणांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पाचाचे मोल सांगावयास नको. पुढे १९८३ मध्ये आंध्र व तामिळनाडू यांच्यात सविस्तर करार झाला. एका बाजूला एन. टी. रामाराव आणि दुसऱ्या बाजूला एम. जी. रामचंद्रन, असे रुपेरी पडद्यावरचे दोन महानायक मुख्यमंत्री म्हणून समोरासमोर बसले आणि पाण्याचा प्रश्न सुटला. चित्रपटाच्या लेखकालाही असा प्रसंग सुचला नसता. पंधरा टीएमसीपैकी तीन वाटेत बाष्पीभवनाने आणि झिरपून जातील असे धरून तामिळनाडूच्या सीमेवर बारा द्यावयाचे ठरले : जुलै ते ऑक्टोबर आठ आणि जानेवारी ते एप्रिल चार. प्रत्यक्षात पाणी येथे पोहोचले ते १९९६ साली. ठरलेले बाराच्या बारा टीएमसी पदरात पडले असे वर्ष विरळाच. हा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडावयाचा, यावर आम्ही बोलणार नाही; सरकारी नोकराने दोन सरकारांच्या मधे उभे राहू नये.

आता या पाण्याचा मार्ग. महाबळेश्वराच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवर कृष्णा उगम पावते. तेथून अरबी समुद्र अवघ्या ६४ किलोमीटरांवर आहे. परंतु या मानिनीने जवळचा समुद्र नाकारला आणि सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून पूर्वेकडचा समुद्र पसंत केला. वाई, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी करीत ती कर्नाटकात शिरते, आलमट्टी व नारायणपूरची धरणे ओलांडते आणि आंध्र-तेलंगणाच्या सीमेवर श्रीशैलमच्या अफाट जलाशयात विसावते. आपला वाटा तेथून निघतो. पोतिरेड्डिपाडु येथील दारांतून तो कालव्यात उतरतो. बनकचेर्ला, वेलुगोडु अशा टप्प्यांनी पेन्ना नदीवरील सोमशिला धरणात जातो. तेथून कंडलेरु जलाशयात. आणि कंडलेरुहून १५२ किलोमीटरांचा कालवा त्याला ऊत्तुकोट्टैजवळ तामिळनाडूच्या हद्दीवर आणून सोडतो. हा कालवा पूर्वी इतका गळका होता की, निघालेल्या पाण्यापैकी बरेचसे वाटेतच मुरत असे. श्री सत्यसाईबाबांच्या ट्रस्टने २००२ नंतर तो बांधून काढला, तेव्हापासून येणाऱ्या पाण्यात बरीच वाढ झाली. हद्दीपासून पूंडीचा तलाव २५ किलोमीटरांवर. पूंडीहून पुळल व चेंबरंबाक्कम, आणि तेथून शुद्ध होऊन आपल्या स्वयंपाकघरात.

श्रीशैलमपर्यंत कृष्णेला कोणकोण येऊन मिळते, तेही पाहण्यासारखे आहे. वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा तर घरच्याच. पुढे रायचूरच्या बाजूला भीमा मिळते, म्हणजे पंढरीची चंद्रभागा मिळते. चंद्रभागेत नीरा आहे, देहू-आळंदीची इंद्रायणी आहे आणि पुण्याची मुळा-मुठाही आहे. म्हणजे मैलापूरच्या किंवा अण्णानगरच्या आपल्या घरी देवासमोर ठेवलेल्या तांब्यात जो काही कृष्णेचा अंश असेल, त्यात सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर असा सगळा देश मिसळलेला असतो. सभेतील कोकणस्थ मंडळींनी खट्टू होऊ नये. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांचा उगम मानतात त्यांपैकी सावित्री कोकणात उतरते, आणि कोयनेचेही पुष्कळसे पाणी वीज करून पश्चिमेकडे वाशिष्ठीत सोडलेले आहे. तो हिशेब आधीच चुकता झालेला आहे.

अर्थात चेन्नईच्या नळाला येणारे सगळे पाणी कृष्णेचे आहे असा कोणी समज करून घेऊ नये. येथल्या पावसाने भरणारे तलाव आहेत, २००४ पासून वीराणम तलावाचे पाणी आहे, मींजूर आणि नेम्मेली येथे समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने आहेत. कोणत्या दिवशी कोणत्या घरी कोणते पाणी येते, हे वरुणराजालाही सांगता येणार नाही. परंतु त्यात कृष्णा आहे, हे खरे.

कृष्णा म्हणजे काळी. जगात खरोखरीच काळ्या पाण्याच्या नद्या आहेत. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनला मिळणाऱ्या एका मोठ्या नदीचे नावच रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी. अरण्यातील कुजलेल्या पानांचा अर्क उतरून तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते, पण ते घाण नसते. मनाउस शहराजवळ ही काळी नदी आणि दुसरी गढूळ नदी कित्येक किलोमीटर एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात, आणि ते पाहावयास लोक होड्यांतून जातात. आपली कृष्णा त्या अर्थाने काळी नव्हे. काळी आहे ती तिच्या काठची माती. पाणी उन्हाळ्यात हिरवट नितळ, पावसाळ्यात तांबडे, आणि डोहांत तेवढे गर्द सावळे. (‘काळे पाणी’ या शब्दाने आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अंदमान उभे राहते, आणि अंदमानची जहाजे याच शहराच्या बंदरातूनही सुटतात. पण तो विषय निराळा.)

आमचे बालपण सांगलीस गेले. तेव्हा नदी ही शोभेची वस्तू नव्हती, तशी नुसती पूजेचीही नव्हती. उन्हाळ्याची सुटी लागली की सकाळी सात वाजता पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मुलांना घाटावर नेत. आधीच्या पिढीने तेच काम वाळक्या भोपळ्यावर भागविलेले होते. आठ दिवसांत डबा सुटे, पंधराव्या दिवशी मुलगा पैलतीराला हात लावून येई, आणि महिनाअखेरीस घाटाच्या बुरुजावरून सूर मारण्याबद्दल घरी मार खाई. पलीकडे सांगलीवाडीस जाण्यासाठी नाव होतीच. गुऱ्हाळाचा हंगाम संपल्यावर गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारे वीर आम्ही पाहिले आहेत. पावसाळ्यात तिकडे होड्यांच्या शर्यती लागतात. वल्ही मारणाऱ्या गड्यांचा तो एकसुरी आवाज आणि काठावरची आरोळी एकदा ज्याने ऐकली, त्याला ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नौकाशर्यतीचे फार कौतुक वाटत नाही. आयर्विन पूल १९२९ सालचा. पुराच्या दिवसांत साऱ्या गावाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : पुलाखाली पाणी किती फूट? चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टात ते सत्तावन्न फुटांवर गेले, तेव्हा येथे चेन्नईत बसून आपल्यापैकी कित्येकांनी भावंडांना फोन लावीत रात्री काढल्या.

वाईची गोष्ट आणखी वेगळी. तेथे थंडी सरत आली की कृष्णाबाईचा उत्सव बसतो. एकेका घाटाचा उत्सव निराळा, त्याचे मानकरी निराळे. मूर्ती घाटावर आणतात, कीर्तने होतात, पंगती बसतात, आणि नदीच्या नावापुढे ‘बाई’ लावून तिला माहेरवाशिणीसारखे वागवितात. गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कन्यागत येते. त्या वर्षी गंगा कृष्णेला भेटावयास येते अशी समजूत आहे. २०१६ साली नरसोबाच्या वाडीस कन्यागताची गर्दी होती, तेव्हाच विजयवाड्यास त्याच नदीवर तेलुगू बांधवांचे पुष्करालु चालले होते. आपले पंचांग आणि त्यांचे पंचांग नदीच्या बाबतीत एकच आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मंडळाची सहल ऊत्तुकोट्टैस गेली होती. कृष्णेचा कालवा तामिळनाडूत जेथे शिरतो ती जागा पाहावयाची, एवढाच कार्यक्रम. दोन बसगाड्या भरल्या होत्या. मुलांची अर्थात निराशा झाली. घाट नाही, देऊळ नाही. सिमेंटचे उतरते काठ, मधून वेगाने जाणारे मातकट पाणी, आणि पोहण्यास मनाई असल्याचा फलक. आमच्याबरोबर ऐंशीच्या घरातल्या एक काकू होत्या. माहेर वाईचे, सासर पुण्याचे, आणि यजमानांच्या नोकरीमुळे पन्नास वर्षे मुक्काम मैलापूरला. त्या सावकाश काठाशी आल्या, पिशवीतून हळदकुंकवाची पुडी काढली आणि वाकू लागल्या. तेवढ्यात कालव्याचा पहारेकरी धावत आला. “पाट्टी, जवळ जाऊ नका,” असे तामिळमध्ये बजावून तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “यात पूजा करण्यासारखे काय आहे? हे आंध्रा तण्णी.” आंध्राचे पाणी. काकू सरळ झाल्या आणि अस्सल मैलापुरी तामिळमध्ये त्याला म्हणाल्या, “इल्लप्पा, इदु एंग अम्मा वीट्टु तण्णी.” नाही रे बाबा, हे माझ्या आईच्या घरचे पाणी. पहारेकरी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःच हात धरून त्यांना दोन पावले खाली नेले.

परतीच्या वाटेवर बसमध्ये सातवी-आठवीतल्या एका मुलीने आम्हांस विचारले, “काका, मग ही आपली कृष्णा समुद्राला कुठे मिळते?” आम्ही भूगोलाच्या पुस्तकातले उत्तर दिले : आंध्रात, हंसलदीवीजवळ. ती म्हणाली, “ती तिकडची. आपल्याकडे आलेली कुठे मिळते?”

बंधुभगिनींनो, या प्रश्नाने नोंदवहीचे दुसरे पान उघडले. आपल्याकडे आलेली कृष्णा आपण पितो, तिच्यात भांडी विसळतो, आंघोळ करतो, आणि मोरीतून, संडासातून तिला निरोप देतो. त्यातले काही मैलाशुद्धीच्या केंद्रांत जाऊन बरे होते. जे तेथवर पोहोचत नाही ते गटारांवाटे कूवममध्ये, अड्यारमध्ये किंवा बकिंगहॅम कालव्यात येते, आणि नेपियर पुलाखालून किंवा बेझंटनगरच्या बाजूने समुद्राला मिळते. त्या मुलीला हे उत्तर आम्ही बसमध्येच दिले. तिने नाक मुरडले. सगळ्यांनीच मुरडले.

मद्रासला तीन नद्या : उत्तरेस कोसस्थलैयार, मधोमध कूवम, दक्षिणेस अड्यार. महाबळेश्वरास वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; येथे सुमारे १,४००, आणि तोही बहुतांशी ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. जमीन ताटासारखी सपाट. जुन्या राजवटींनी गावोगाव तलाव बांधले, एकाचे ओसंडलेले पाणी दुसऱ्यात सोडले, आणि शेवटच्या तलावातून जे उरे ते या नद्यांतून समुद्रास जाई. तेव्हा कूवम काय किंवा अड्यार काय, या डोंगरातून उसळत येणाऱ्या नद्या नव्हेत. तलावांच्या सांडीच्या नद्या आहेत. पाऊस संपला की त्यांना स्वतःचे पाणी राहत नाही. त्यात समुद्राची भरती जेमतेम एक मीटरची, आणि १८७५ नंतर बंदराचा धक्का बांधला गेल्यापासून दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू त्याच्या अलीकडे साठू लागली. त्याच वाळूने मरीनाचा किनारा रुंद झाला, ज्यावर आपण सायंकाळी हवा खातो. आणि त्याच वाळूने कूवमचे तोंड बुजले. एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले.

न वाहणाऱ्या पाण्यात शहराचा मैला येऊन पडला की पाण्यातला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू कामास लागतात, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होतो, आणि त्याचा गाळातील लोहाशी संयोग होऊन काळा पदार्थ बनतो. कूवमचा काळा रंग तो हा. रिओ नेग्रोचा काळेपणा अरण्याने दिलेला. कूवमचा आपण दिलेला, आणि तो निघू शकतो. रंग नदीचा नाही.

कारण वरच्या अंगाला ही नदी स्वच्छ आहे. तिरुवळ्ळूर जिल्ह्यात कूवम याच नावाचे गाव आहे. तेथे त्रिपुरांतक शिवाचे प्राचीन देऊळ आहे, ज्याचे स्तवन तेवारम स्तोत्रांत झालेले आहे. जवळच केशवरम बंधाऱ्यापाशी कोसस्थलैयारचे पाणी कूवमच्या पात्रात वळते. पावसाळ्यानंतर गेले तर तेथे बगळे, भातखाचरे आणि पाण्यात डुंबणारी पोरे दिसतात; एखाद्यास आपल्या तालुक्याची आठवण यावी असा तो देखावा आहे. नदी बिघडते ती आवडी, तिरुवेर्काडुच्या आसपास, शहराची हद्द लागल्यावर. (गावाचे नाव आवडी आणि नदीशी वागणे नावडतीचे!) पुढे चेटपेट, एग्मोर, चिंताद्रिपेटवरून वळसे घेत ती नेपियर पुलाशी येते.

याच नदीवर लोक रमत होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नदीच्या वळणात चिंताद्रिपेट हे विणकरांचे गाव वसविले गेले ते १७३४ साली. अठराव्या शतकातील दानशूर पच्चयप्पा मुदलियार कूवममध्ये स्नान करून कोमलेश्वराच्या दर्शनास जात, असे सांगतात. नेपियर पूल १८६९ चा. मद्रास बोट क्लब त्याहून दोन वर्षे जुना, आणि अड्यारच्या पात्रात त्याची वल्ही आजही भल्या पहाटे चालतात. सईदापेठेस परीट याच अड्यारवर कपडे धूत. बकिंगहॅम कालव्याचे तर विचारूच नका. कूवम व अड्यार यांना जोडणारा त्याचा तुकडा १८७७-७८ च्या दुष्काळात लोकांना काम म्हणून खणला गेला. शिडाच्या होड्या त्यावरून मीठ, भात, सरपण आणीत. आणि हौशी मंडळी रात्रीच्या चांदण्यात होडीतून निघून महाबलिपुरमला जात. उत्तरेस हा कालवा थेट कृष्णेच्या मुखाकडील कालव्यांना जोडलेला होता. म्हणजे कृष्णेचे पाणी मद्रासला १९९६ साली आले असले, तरी कृष्णाकाठची होडी त्याच्या शंभर वर्षे आधीपासून येथे येत होती. त्या कालव्याच्या पात्रात आज उन्नत रेल्वेचे खांब उभे आहेत.

१९७० च्या सुमारास सरकारने कूवम सुधारण्याचे मनावर घेतले होते. काठ बांधले, नौकाविहारासाठी धक्के बांधले, होड्याही सोडल्या. काही दिवस लोक आले. परंतु वरून मैला येतच राहिला, मुखाशी वाळू साचतच राहिली, आणि होड्या बंद पडल्या. आधी घाण थांबवावयाची आणि मग करमणूक सुरू करावयाची, हा क्रम उलटा झाला की असे होते. आता नौकाविहार हवा असेल तर लोक मुट्टुकाडुस जातात किंवा चेटपेटच्या तळ्यावर. दोन्ही चांगली ठिकाणे आहेत. पण शहराची नदी ओलांडून, काचा वर करून, तिकडे जावे लागते.

आमचे म्हणणे असे की, या काचा वर करण्याविषयी आपल्या मंडळींनी थोडा विचार करावा. मंडळाच्या कोणत्याही संमेलनात नदीचा विषय निघाला की आपण कृष्णेविषयी, पंचगंगेविषयी, गोदावरीविषयी गहिवरून बोलतो, आणि कूवमचा उल्लेख केवळ विनोदासाठी करतो. या विनोदात ‘ही त्यांची नदी’ असा एक भाव दडलेला असतो. तो आम्हांस खटकतो. पंचगंगेचे इचलकरंजीजवळ आणि मुठेचे पुण्यात काय झाले आहे, हे सुटीत गावी जाणाऱ्यास दिसतेच. तेव्हा स्वच्छतेचा अभिमान मिरविण्याजोगे आपल्याजवळ फारसे नाही. आणि कूवम ‘त्यांची’ कशी? जे कुटुंब पन्नास वर्षे येथे राहिले, त्याने तीत पन्नास वर्षे आपला वाटा टाकलेला आहे.

दोष झोपडीवासीयांच्या माथी मारणे सोपे असते. कूवमकाठच्या हजारो कुटुंबांना उठवून पेरुंबाक्कमसारख्या दूरच्या वसाहतींत हलविले गेले. त्यांची मुले शाळांपासून, बाया कामाच्या घरांपासून तुटल्या. पाणी त्यामुळे निवळले नाही, कारण मोठ्या नळ्या मोठ्या घरांच्या होत्या. शहराच्या दक्षिणेकडील एका चांगल्या सुशिक्षित गृहसंकुलात आम्ही काही वर्षे भाड्याने राहत होतो. तेथे मैलाटाकी उपसावयास रात्री टँकर येई. एकदा आम्ही चालकास विचारले की, हे नेऊन ओतता कोठे? त्याने हसून अंधारातल्या ओढ्याकडे बोट दाखविले. संकुलाच्या व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार केली. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. तो ओढा अड्यारला मिळतो. आणि अड्यारने २०१५ च्या डिसेंबरात आपले सगळे देणे एका रात्रीत घरोघरी परत आणून दिले, हे या सभागृहातील कोट्टूरपुरम आणि सईदापेठेच्या मंडळींना आम्ही सांगावयास नको.

उलट बाजूही आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे चारही तलाव आटले आणि जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची पाण्याची आगगाडी येऊ लागली; एका खेपेस २५ लाख लिटर. तीन वर्षांपूर्वीच, २०१६ साली, मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन अशीच गाडी लातूरला गेली होती. पण त्याच २०१९ साली कोडुंगैयूर आणि कोयंबेडु येथे मैलापाणी पुरते शुद्ध करून कारखान्यांना पुरविणारी केंद्रे सुरू झाली, प्रत्येकी रोज साडेचार कोटी लिटरांची. तेवढे कृष्णेचे आणि तलावांचे गोडे पाणी कारखान्यांऐवजी घरांसाठी उरते, आणि तेवढीच घाण नदीत जावयाची थांबते. महाबळेश्वरहून आलेल्या पाण्याला दोनदा राबविण्याची ही युक्ती आम्हांस तरी अगदी कोकणी काटकसरीची वाटली.

पुढचे कन्यागत २०२८ मध्ये येते. कार्यकारी समितीपुढे आमची सूचना अशी आहे की, तोवर मंडळाने तीन कामे हाती घ्यावीत. सभासद ज्या ज्या संकुलांत राहतात तेथील मैला कोठे जातो याची चौकशी करून यादी करावी. तक्रार करावयाची तर मंडळाच्या शिक्क्यानिशी करावी, एकेकट्याच्या पत्राचे काय होते ते आम्ही सांगितलेच. आपल्या मुलांना पोहणे शिकवावे, तलावात का होईना. ज्याला पाण्यात उतरण्याची सवय नाही त्याला पाणी घाण झाल्याचे दुःख होत नाही. आणि दरवर्षी एकदा तरी सर्वांनी मिळून कूवमच्या काठाने, उगमापासून मुखापर्यंत जावे.

यांपैकी तिसरे काम समितीने भाषण होण्यापूर्वीच मान्य केले आहे, याबद्दल अध्यक्षांचे आभार. पोंगलनंतरच्या दुसऱ्या रविवारी बस मंडळाच्या दारातून सकाळी ठीक सहा वाजता सुटेल. कूवम गावी देवदर्शन, केशवरम बंधाऱ्यावर न्याहारी, दुपारी नदीकाठीच जेवण. लिंबू-चित्रान्न आणि दहीभात काकूंकडे, पोळी-भाजी महिला शाखेकडे. परतताना तिरुवेर्काडु, चेटपेट आणि चिंताद्रिपेट येथे उतरून पात्र पाहावयाचे आणि सूर्यास्तापूर्वी नेपियर पुलावर पोहोचावयाचे. बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडच्या वेळी, २०२२ साली, त्याच पुलावर काळे-पांढरे पट रंगविले होते, हे मुलांना आठवत असेल. मुलांस प्रवेशमूल्य नाही. नावे शुक्रवारपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत, आणि पिण्याचे पाणी प्रत्येकाने आपल्या घरच्या नळाचे भरून आणावे.